तुमच्यावाचून कुणाचं काम अडलं होतं?

नागपूरजवळ बुटीबोरीच्या एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत मी काम करते. पाणी, रसायनं, औषधांचा कच्चा माल तपासून अहवाल देणं हा आमचा रोजचा उद्योग. गेली चार वर्षं नव्या उमेदवारांच्या मुलाखतींना मलाही बसवतात. समोर येणारी पुष्कळ मुलं काटोल, नरखेड, सावनेर, उमरेड या बाजूंची असतात, मीही काटोलकडचीच. गुणपत्रिका बऱ्या असतात, अर्जात ‘टीमवर्क’ आणि ‘लीडरशिप’ लिहिलेलं असतं. मग मी विचारते, ‘कॉलेजात असताना असं कोणतं काम केलं, जे तुम्ही केलं नसतं तर दुसऱ्या कुणाचं अडलं असतं?’

बहुतेकदा उत्तर येत नाही. ती गप्प बसलेली मुलं मला संध्याकाळी घरी गेल्यावरही आठवतात, कारण २०१६ साली एम.एस्सी. होऊन पहिल्या मुलाखतीला गेले तेव्हा मीही पाच मिनिटं फक्त टक्केवारीच सांगत होते. नंतर बोलता बोलता, कॉलेजात असताना मी ज्या औषधांच्या दुकानात काम केलं त्याचा विषय निघाला आणि समोरच्या बाईंनी पहिल्यांदा पेन उचललं. मला काय काय येतं हे त्या दिवशी मला कळलं. ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहिते आहे.

१. चुकलेलं वाचन खोडा, पण पुसू नका.

बी.एस्सी.ला टायट्रेशन करताना तीन वाचनं घ्यायची आणि त्यातून सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग काढायचं. माझी वाचनं यायची १०.२, १०.६, १०.१. जर्नलमध्ये मी लिहायचे १०.२, १०.२, १०.२. जर्नल तपासून सही व्हायची, प्रॅक्टिकलला गुण मिळायचे. दोन वर्षं मी हेच केलं आणि यात काही वाईट आहे असं मनातही आलं नाही.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला सांगितलं गेलं की इथे व्हाइटनर चालत नाही, आकड्यावर आकडा गिरवायचा नाही. चूक झाली तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, कारण, सही आणि तारीख. हे ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. मधलं १०.६ का आलं, हे शोधणं म्हणजेच तर हे काम होतं. ब्युरेटमध्ये हवेचा बुडबुडा राहिला होता? फ्लास्क नीट धुतला नव्हता? शेवटच्या थेंबाला घाई झाली? ते १०.६ लपवून मी स्वतःचंच शिकणं लपवत होते. आपल्या गोळ्या, आपलं पाणी अशाच कागदांच्या भरवशावर पास होतं. त्यामुळे या बाबतीत मी आजही कडक आहे आणि राहीन. मुलाखतीत एखादा मुलगा म्हणाला की ‘माझा प्रयोग तीनदा फसला, मग कळलं की बफर जुना होता,’ तर तो मला सगळी वाचनं जुळवून आणणाऱ्यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

२. पगार किती, यापेक्षा हिशेब कुणाला द्यावा लागतो ते बघा.

दुसऱ्या वर्षाला घरून पैसे येणं अवघड झालं. गांधीबागेजवळ औषधांच्या एका ठोक दुकानात मी दुपारी तीन ते रात्री आठ काम धरलं. महिन्याला अडीच हजार. खोक्यांवरचा बॅच नंबर, एक्स्पायरी आणि एमआरपी बिलाशी ताडून बघायची, माल रॅकवर लावायचा. ज्याची मुदत आधी संपणार तो पुढे, नवा माल मागे. दिवाळीच्या आधी गर्दीत मी एका खोक्यात दोन बॅचचा माल भरला आणि बिलावर एकच बॅच लिहिली. उमरेडच्या दुकानदाराचा फोन आला. मी रडवेली झाले. मालक म्हणाले, ‘कोणी केलं ते नंतर पाहू. काहून झालं ते आधी सांग.’

आम्ही बसून बघितलं. भरणारी मी आणि बिलावर टिक करणारीही मीच होते. दुसऱ्या दिवसापासून भरणारा एक आणि टिक करणारा दुसरा, असं ठरलं. त्या दुकानात कुणी ‘रूट कॉज’ म्हणत नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत त्याचा आता चार पानी फॉर्म आहे आणि तो भरताना मला दर वेळी मालकांचं ते ‘काहून’ ऐकू येतं.

ज्यांना घरून पैसे येतात त्यांनीही एखादं असं काम धरावं असं मला वाटतं. आणि ज्यांना नाइलाजाने धरावं लागतं, त्यांनी ते अर्जातून वगळू नये. झेरॉक्सच्या दुकानात, खानावळीत, मामाच्या किराण्यात काम केलं, हे सांगायला मुलं लाजतात आणि तीन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र मात्र फाइलमध्ये पहिल्या पानावर लावतात.

३. आपल्याला कळलेलं दुसऱ्याला सांगता आलं पाहिजे.

राष्ट्रीय सेवा योजनेत मी गेले ती मैत्रिणीमुळे. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. पुष्कळ मुलांच्या लेखी ते प्रमाणपत्रापुरतंच असतं. आमच्या नागपूर विद्यापीठाला २००५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. ग्रामगीता लिहिणाऱ्या माणसाच्या नावाच्या विद्यापीठात शिकून गावात सात दिवस मन लावून राहू नये, याची मला खंत वाटते.

२०१३ च्या जानेवारीत आमचं शिबिर काटोल तालुक्यातल्या एका गावात होतं. मी हौसेने विहिरींच्या पाण्याचा कठीणपणा तपासायला घेतला. बफर, इरिओक्रोम ब्लॅक टी, ईडीटीए; लालसर रंग निळा झाला की थांबायचं. एका विहिरीचा कठीणपणा लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या आसपास निघाला. भारतीय मानकात इष्ट मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. मी हे सगळं रंगीत तक्त्यावर लिहून देवळासमोर उभी राहिले आणि दहा मिनिटं बोलले. पुढे बसलेल्या एक काकू म्हणाल्या, ‘ते आमची डाळच सांगते ना बाई. शिजतच नाही. लेकराला पाजू का नको, ते सांग.’

मला सांगता येईना. मी केलेल्या तपासणीत त्याचं उत्तरच नव्हतं. पाण्यात जंतू आहेत का, हे कठीणपणावरून कळत नाही. त्याची तपासणी वेगळी. तेवढं एक साधं वाक्य बोलायला मला रात्र लागली. दुसऱ्या दिवशी मी काकूंच्या घरी जाऊन सांगितलं की डाळ न शिजण्याचं कारण मी मोजलं आहे, जंतूंचं मोजलेलं नाही, त्यासाठी नमुना आरोग्य केंद्रामार्फत पाठवावा लागेल आणि तोवर लेकराला पाणी उकळून द्या. त्यांनी चहा केला, आणि नमुना भरायला सरपंचांकडे स्वतः आल्या.

आज ग्राहकाचा फोन आला की मी आधी हेच बघते: त्याला नेमकं काय ठरवायचं आहे, आणि माझ्या आकड्याने त्यातलं किती ठरतं. ‘हे या चाचणीतून कळत नाही’ हे स्पष्टपणे सांगणारा माणूस प्रयोगशाळेत फार लागतो.

४. इंग्रजीची भीती लिहून घालवा.

नागपुरात मराठी मुलगा हिंदी सहज बोलतो, इंग्रजी म्हटलं की मात्र अडखळतो. मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिससारख्या कंपन्या आल्या तेव्हापासून मुलांना वाटतं की फाडफाड इंग्रजी आलं की झालं. माझा अनुभव वेगळा आहे. आमच्याकडे दिवसभरात इंग्रजी बोलायची वेळ फार थोडी येते. ईमेल मात्र रोज पंधरा-वीस. चार ओळींचा, मुद्द्याचा, बिनचूक ईमेल लिहिता आला की निम्मी भीती जाते. मी एम.एस्सी.ची दोन वर्षं रोज रात्री दिवसभरात प्रयोगशाळेत काय केलं ते पाच इंग्रजी वाक्यांत लिहायचे. टायपिंगही शिकून घ्या. गावातल्या मुलांनी कारकुनाच्या परीक्षेसाठी शिकलेलं मराठी ३०, इंग्रजी ४० आमच्याकडे फार उपयोगी पडतं.

५. उशीर होणार असेल तर आधी कळवा.

काटोलहून येणारी गाडी लेट झाली, हे मी कॉलेजात पोहोचल्यावर सांगायचे. आता उशीर होणार हे कळलं की त्याच मिनिटाला सांगते. समोरच्याला दुसरी सोय करायला वेळ मिळतो. एवढंच, पण यावरून माणसं नोकरीत टिकताना आणि न टिकताना मी पाहिली आहेत.

६. काम मागायला जाताना कामाचं नाव घेऊन जा.

नव्या शैक्षणिक धोरणात पदव्युत्तरच्या पहिल्याच वर्षी चार श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. त्यासाठी मुलं आमच्याकडे येतात आणि म्हणतात, ‘मॅडम, काहीही चालेल.’ काहीही म्हणणाऱ्याला फाइली लावायला बसवलं जातं. मलाही ते थांबवता येत नाही. ‘पाण्याच्या नमुन्यांची नोंद ते अहवाल, हा पूर्ण प्रवास मला बघायचा आहे,’ असं म्हणणाऱ्या मुलीला आम्ही जागा काढून दिली. पदवी झाल्यावर शिकाऊ उमेदवारीची, विद्यावेतनाची दारं आहेत. २०२४ पासून राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला १० हजार मिळतात. मात्र कुठेही गेलात तरी पहिल्याच दिवशी विचारून घ्या की इथून जाताना माझ्या हाताने पूर्ण झालेलं काय असेल.

शिक्षण हाताला उपयोगी पडावं, ही या शहरात काही नवी गोष्ट नाही. १९२३ साली सुरू झालेल्या नागपूर विद्यापीठाला कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने संपत्ती दिली ती उपयोजित विज्ञान शिकवण्यासाठी. तिच्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एलआयटी उभी राहिली. अमरावती रोडवरून जाताना तो परिसर दिसतो तेव्हा वाटतं, कुणीतरी आपली कमाई आपल्या हातांसाठी ठेवून गेलं आहे.

७. घरचं काम हेही काम आहे.

मागच्या महिन्यात नरखेडकडची एक मुलगी आली होती. माझ्या नेहमीच्या प्रश्नावर तीही गप्प झाली. मी विचारलं, घरी काय करता? म्हणाली, ‘बाबांची संत्र्याची बाग आहे. फवारणी आणि मजुरीचा हिशेब मी लिहिते. पण ते घरचं आहे, मॅडम.’ किती वर्षं? ‘अकरावीपासून.’ वही गावाला होती, पण मोबाइलमध्ये पानांचे फोटो होते. मी बघायला मागितले. तारीख, औषध, पंप किती, मजूर किती, कुणाला किती दिले, सगळं नीट रकान्यांत होतं. आंबिया बहाराच्या एका पानावर ‘९ मजूर’ आडव्या रेघेने खोडून ‘७’ केलं होतं. खालचा ९ स्वच्छ वाचता येत होता. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: दोघं दुपारीच गेले, आईला विचारून.