वल्हांडणाचें भोजन व घरची मोजदाद
(पाठ : निर्गम १२)

मिसर देशांतून निघण्याच्या रात्रींसाठीं इस्राएल लोकांस जें भोजन नेमून दिलें, त्याचा बेत मोठा काटेकोर होता. दहाव्या दिवशीं कोंकरूं निवडावयाचें, चौदाव्या दिवशीं संध्याकाळीं तें वधून विस्तवावर भाजावयाचें. सोबत बेखमीर भाकर व कडू भाजी. परंतु चौथें वचन आपण बहुधा घाईनें वाचितों. घर लहान असल्यास शेजाऱ्यास सामील करून घ्यावें व माणसें मोजून, ज्याच्या त्याच्या आहाराप्रमाणें हिशेब करावा, असें तेथें आहे. (नाताळासाठीं कर्ज काढणाऱ्यांनीं हें सावकाश वाचावें.) या मोजदादींतून बायका व लेंकरें वगळिलेलीं नाहींत. मग आमच्या घरीं सणाच्या दिवशींहि रांधणारीच्या ताटांत उरलेंसुरलेंच कां पडावें? हा प्रश्न शिक्षकांनीं पुरुषांच्या वर्गांत विचारावा.