होय म्हणण्याआधी वाचा

पोखर्णीचे नृसिंहाचे देऊळ परभणी जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची गोष्टही सगळ्यांना ठाऊक आहे. हिरण्यकशिपूने वर मागितला. घरात मरण नको, बाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. माणसाकडून नको, जनावराकडून नको. त्याला वाटले, आता सगळ्या फटी बुजल्या. पण उंबरठ्याची फट राहिली. तिन्हीसांजेची फट राहिली. तिथेच तो सापडला.

आज आम्ही फटींचीच गोष्ट सांगणार आहोत. पण ही गोष्ट पुराणातली नाही. ती तुमच्या खिशातल्या मोबाईलची आहे. ग्रामपंचायतीतल्या संगणकाची आहे.

आबा आणि नात

समजा, पोखर्णीतले एक आबा आहेत. साठीनंतर वाचायला शिकले. एक दिवस सांजच्याला ओसरीवर बसले होते. मोबाईल वाजला. पडद्यावर अक्षरे आली. खाली बटण होते, "मला मान्य आहे."

नात म्हणाली, "दाबा की आबा. दाबल्याबिगर ते जायचं नाही."

"अगं, काय लिहिलंय ते वाचू तर दे."

"ते कोण वाचतंय? सगळे तसंच दाबतात."

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाळ, माझ्या बानं सावकाराच्या कागदावर असाच अंगठा दिला होता. सगळे देतात म्हणून. कागदात काय होतं ते वावर गेल्यावर कळलं."

मंडळी, आबांचे खरे आहे. जुना अंगठा आणि नवे बटण, दोन्ही एकच. दोन्हीचा अर्थ "मी कबूल आहे" असा होतो. फरक एवढाच की आबांच्या वडिलांना वाचता येत नव्हते. आपल्याला येते. मग वाचता येत असून न वाचता बटण दाबले, तर शिकून काय मिळवले?

आतला कारभारी

मोबाईलच्या आत एक कारभारी असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. फोन लावणे, फोटो काढणे, नंबर जपून ठेवणे, ही सगळी कामे त्याच्या हुकमाने चालतात. घराच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला. आपल्याकडच्या बहुतेक मोबाईलांत गूगल कंपनीचा अँड्रॉइड हा कारभारी असतो. कचेऱ्यांतल्या बहुतेक संगणकांत मायक्रोसॉफ्ट कंपनीचा विंडोज असतो.

या कारभाऱ्यात कंपनी अधूनमधून बदल करते. बदल दोन तऱ्हेचे असतात, ते नीट ओळखावे.

पहिला बदल म्हणजे डागडुजी. पत्र्याला भोक पडले, पावसाळ्याआधी बुजवले. घर तेच राहते. याला सुरक्षा अपडेट म्हणतात.

दुसरा बदल म्हणजे जुने घर पाडून नवे बांधणे. खोल्या बदलतात, दारे बदलतात. कधी जुने सामान नव्या घरात बसत नाही. याला अपग्रेड म्हणतात.

डागडुजी वेळेवर करावी. नवे घर मात्र घरधन्याच्या मर्जीने बांधावे. इतके साधे आहे. पण घडले काय, ते ऐका.

दार लावले म्हणजे माल घेतला

२९ जुलै २०१५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० बाजारात आणले. ज्यांच्याकडे विंडोज ७ किंवा ८.१ होते, त्यांना ते एक वर्ष फुकट देऊ केले. फुकट मिळते म्हटल्यावर अनेकांनी आनंदाने घेतले. पण अनेकांना ते नको होते. त्यांचे जुने काम बरे चालले होते.

नको म्हणणाऱ्यांच्या पडद्यावर रोज सूचना येऊ लागली. काहींच्या संगणकात तर न विचारताच नव्या विंडोजच्या फायली उतरल्या. त्या तीन जीबीहून मोठ्या होत्या. ज्याच्या मोबाईलला रोज दीड जीबीचा पॅक आहे, त्याने हिशेब करावा. दोन दिवसांचा पॅक न विचारता संपला, असे ते झाले.

मे २०१६ मध्ये तर कमाल झाली. पडद्यावर सूचना आली, अमुक दिवशी तुमचा संगणक बदलेल. सूचनेच्या कोपऱ्यात फुली होती. फुली म्हणजे नको, असेच आजवर सगळे समजत होते. लोकांनी फुली दाबली. पण कंपनीने त्याचा अर्थ घेतला, सूचना वाचली आणि बदल कबूल आहे! दारावर फेरीवाला यावा, आपण दार लावून घ्यावे, आणि त्याने म्हणावे, "दार लावलं म्हणजे माल घेतला." तसे हे झाले.

लोक चिडले. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात एका छोट्या व्यवसायातल्या बाईंचा संगणक या बदलानंतर नीट चालेना. धंदा बुडू लागला. बाई कोर्टात गेल्या. कोर्टाने त्यांना १०,००० डॉलर भरपाई दिली. २०१६ साली कंपनीने अपील सोडून दिले. पुढे कंपनीने नको म्हणण्याचे स्पष्ट बटण दिले. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याने आपण मर्यादा ओलांडल्याचे कबूल केले.

एका बाईने तक्रार केली, बऱ्याच जणांनी आवाज उठवला, तेव्हा मोठी कंपनी वळली. हे ध्यानात ठेवा.

दुसरी बाजूही पाहा

आता कोणी म्हणेल, "मग हे अपडेटच नको. सगळेच बंद करून टाकू." तेव्हाही काही लोकांनी रागाने असेच केले. पण राग आला म्हणून पत्र्याचे भोक तसेच ठेवायचे का?

१२ मे २०१७ रोजी जगभर एक संगणकी रोग पसरला. त्याचे नाव वॉनाक्राय. तो संगणकातल्या फायलींना कुलूप लावी आणि किल्लीसाठी पैसे मागे. इंग्लंडमध्ये सरकारी दवाखान्यांचे काम अडले. आपल्या देशात केरळातल्या काही ग्रामपंचायतींच्या संगणकांनाही तो लागला.

तो शिरला कुठून? विंडोजमधल्या एका फटीतून. आणि ती फट बुजवणारी डागडुजी कंपनीने मार्च २०१७ मध्येच दिली होती. दोन महिने आधी! ज्यांनी ती लावून घेतली, ते वाचले. ज्यांनी लावली नाही, त्यांच्या घरात चोर शिरला.

म्हणून आम्ही म्हणतो, बळजबरी करणाऱ्या कंपनीचे दुहेरी नुकसान आहे. ती आज नको ते गळ्यात मारते. मग उद्या हवे ते द्यायला आली, तरी लोक दार उघडत नाहीत. लांडगा आला रे, असे उगाच ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. तीच ही.

माहिती कोण नेतो?

बदलाबरोबर आणखी एक शंका लोकांना होती. हा नवा कारभारी आपल्या घरातल्या गोष्टी कंपनीला कळवतो का?

कळवतो. संगणक कसा चालतो, कोणता कार्यक्रम किती वापरला, अशी माहिती विंडोज १० कंपनीकडे पाठवत होते. जुलै २०१६ मध्ये फ्रान्स देशाच्या सरकारी मंडळाने कंपनीला नोटीस दिली. गरजेपेक्षा जास्त माहिती घेता, ती कमी करा, असे बजावले. कंपनीने सुधारणा केली. घेतली जाणारी माहिती जवळजवळ निम्मी झाली. मग जून २०१७ मध्ये मंडळाने नोटीस मिटवली. म्हणजे निम्म्या माहितीवाचूनही काम चालत होते!

आपल्या देशातले उदाहरण तर घरोघरचे आहे. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपने सूचना काढली. नव्या अटी मान्य करा, नाही तर वापर बंद होईल. त्या अटींत फेसबुकच्या कंपन्यांना माहिती देण्याची गोष्ट होती. लोकांनी ओरड केली. मुदत फेब्रुवारीची मे महिन्यावर गेली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड ठोठावला. घ्या नाही तर सोडा, असे म्हणून घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे, असे आयोगाचे म्हणणे. कंपनी अपिलात गेली.

कायदा आपल्या बाजूला आहे

कोणी म्हणेल, "आपण गरीब माणसं. आपल्या माहितीचं काय एवढं?" असे म्हणू नका. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. खाजगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्यात गरीब, श्रीमंत असा भेद नाही.

२०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. कंपन्यांवरची मुख्य बंधने लागू होण्यास १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. त्या कायद्यातल्या तीन गोष्टी पाठ करा.

पहिली, संमती सोप्या भाषेत मागितली पाहिजे. आणि ती मराठीतही वाचायला मिळाली पाहिजे.

दुसरी, कामापुरतीच माहिती मागावी.

तिसरी, दिलेली संमती परत घेता येते. देणे जितके सोपे, तितकेच परत घेणे सोपे असले पाहिजे.

सावकाराच्या कागदावरचा अंगठा परत घेता येत नव्हता. हा घेता येतो.

आपण काय करावे?

बटण दाबण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. कोण मागतो? काय मागतो? नाही म्हटले तर काय होईल?

कोण मागतो, ते आधी पाहावे. मोबाईलचे खरे अपडेट सेटिंगमध्ये दिसते. अॅपचे अपडेट प्ले स्टोअरमध्ये मिळते. व्हॉट्सअॅपवर कोणी फाइल पाठवली आणि अपडेट म्हणून दाबा म्हणाले, तर दाबू नये. पीएम किसानच्या, बँकेच्या, गाडीच्या चलनाच्या नावाने अशा खोट्या फायली येतात. त्या मोबाईलमध्ये शिरून पैसे पळवतात. असे घडले तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करावा.

काय मागतो, ते मग पाहावे. ई-पीक पाहणीचे अॅप तुमचे ठिकाण विचारते, कॅमेरा मागते. ते बरोबर आहे. वावरात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आहे. पण नुसता उजेड पाडणारे बॅटरीचे अॅप तुमच्या सोयऱ्याधायऱ्यांचे नंबर कशाला मागते? तिथे "नको" दाबावे. आधी होय म्हटले असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढून घ्यावी.

सुरक्षा अपडेट टाळू नये. पण आपल्या सोयीने करावे. आधी फोटो आणि नंबर दुसरीकडे जपून ठेवावेत. बॅटरी भरून घ्यावी. मोठे अपडेट वायफायवरच उतरावे, अशी खूण सेटिंगमध्ये करता येते.

आणि गावाच्या संगणकाकडेही लक्ष द्यावे. सेवा केंद्रात आपले आधार, बँकेचा नंबर, उताऱ्याचे कागद जातात. ज्या विंडोज १० साठी एवढी घाई केली, त्याचीच फुकट डागडुजी कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. काही अटींवर आणखी एका वर्षाची सोय ठेवली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६. कित्येक जुन्या संगणकांवर नवे विंडोज ११ बसत नाही. मग जुना संगणक फेकायचाच का? नाही. लिनक्स नावाची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम आहे. केरळातल्या सरकारी शाळा तिच्यावर चालतात. पण कोणाला तरी हा विचार करावा लागेल.

म्हणून ग्रामसभेत उठून विचारावे, "आपल्या गावच्या संगणकात काय चालतं? त्याची डागडुजी होते का?" विचारायला लाजू नये. त्या संगणकात सगळ्या गावाचे कागद आहेत.

शेवटी आबांकडे येऊ. आबांनी चष्मा लावला. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग नातीला म्हणाले, "ही डागडुजी आहे. रात्री करू. पण खाली बघ, जाहिरातीसाठी माहिती मागतोय. ते नको."

नात म्हणाली, "आबा, इतकं बारीक लिहिलेलं मला दिसलंच नव्हतं."

आबा म्हणाले, "बारीक लिहिलेलंच आधी वाचावं, बाळ."

प्रश्न

१. डागडुजी आणि नवे घर, यांत फरक काय?

२. २०१६ साली फुली दाबणाऱ्या लोकांची फसगत कशी झाली?

३. वॉनाक्राय रोगापासून कोण वाचले? का?

४. ई-पीक पाहणीला ठिकाण सांगावे, पण बॅटरीच्या अॅपला नंबर देऊ नयेत. असे का?

५. आज घरी जाऊन मोबाईलमधल्या एका अॅपच्या परवानग्या वाचा. कोणती नको वाटते, ते वर्गात सांगा.