चेहरा आणि उजेड

प्रस्तावना

आरसा समोरच्या माणसाला क्षणभर दाखवतो आणि विसरून जातो. छायाचित्र तो क्षण जपून ठेवते. घरातील वडीलधारे माणूस निवर्तल्यावर भिंतीवर लावण्यासाठी फोटोचा शोध सुरू होतो आणि हाती लागतो तो लग्नाच्या गर्दीतला एखादा अंधुक चेहरा. अशी हळहळ अनेक कुटुंबांच्या वाट्याला येते. चांगल्या व्यक्तिचित्रासाठी स्टुडिओ किंवा महागडे दिवे लागतातच असे नाही. अंगणात येणारा सूर्यप्रकाश ओळखता आला, तर साध्या कॅमेऱ्यानेही माणसाचा चेहरा जिवंत टिपता येतो.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर अध्ययनार्थ्यांना –

• दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी प्रकाशात होणारा फरक सांगता येईल;
• कॅमेऱ्यातील छिद्र, शटर व आयएसओ यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल;
• छायाचित्रकाराची माणसाविषयीची जबाबदारी समजून घेता येईल.

१. प्रकाशाची ओळख

भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो. तेव्हा कपाळ व नाक उजळून निघतात, डोळ्यांच्या खोबणी मात्र काळ्या पडतात. सूर्याकडे तोंड करून उभे केलेले माणूस डोळे बारीक करते आणि त्याचा नेहमीचा भाव हरवतो. अशा वेळी त्याला झाडाच्या दाट सावलीत किंवा ओसरीच्या कडेला आणावे. तेथे थेट ऊन नसते, पण मोकळ्या आकाशाचा पसरलेला उजेड चेहऱ्यावर येतो. विरळ पानांची सावली मात्र टाळावी. तिच्यातून पडणारे कवडसे चेहऱ्यावर डाग उमटवतात.

सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा प्रकाश तिरपा, मऊ आणि सोनेरी असतो. ढगाळ दिवशी सारे आकाशच एका मोठ्या दिव्यासारखे काम करते. चेहऱ्याची एक बाजू फार काळी दिसत असेल, तर त्या बाजूला पांढरी चादर धरावी. तिच्यावरून परतलेला उजेड सावली सौम्य करतो.

२. कॅमेऱ्याच्या तीन किल्ल्या

कॅमेऱ्यात किती उजेड शिरावा हे छिद्राचा आकार आणि शटर उघडे राहण्याचा वेळ यांवर ठरते. त्या उजेडाला कॅमेऱ्याने किती प्रतिसाद द्यावा हे आयएसओ ठरवतो. छिद्राचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. मोठ्या छिद्रामुळे चेहरा स्पष्ट राहतो आणि मागची पार्श्वभूमी धूसर होते.

लख्ख उन्हासाठी छायाचित्रकारांचा एक जुना आडाखा आहे : आयएसओ १००, छिद्र एफ १६ आणि वेळ सेकंदाचा सुमारे १/१०० भाग. मोकळ्या सावलीत उजेड पुष्कळ कमी असतो. तेथे त्याच वेळेसाठी छिद्र साधारण एफ ५.६ लागते. पार्श्वभूमी अधिक धूसर हवी म्हणून छिद्र एफ ४ केले, तर आत येणारा उजेड दुप्पट होतो. म्हणून वेळ निम्मा, म्हणजे १/२०० करावा. एक किल्ली फिरवली की दुसरी उलट दिशेने फिरवायची, हेच या हिशेबाचे मर्म होय. लहान मूल सतत हालत असते. त्याच्यासाठी १/२५० किंवा त्याहून कमी वेळ ठेवावा. फोकस नेहमी कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर असावा.

३. कॅमेऱ्याचा गैरसमज

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे सावळ्या वर्णाची व्यक्ती उभी असली, की तो एकूण उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. हा दोष चेहऱ्याचा नव्हे, मोजमापाचा आहे. अशा वेळी उजेड एक पायरी वाढवावा किंवा चेहऱ्याच्या जवळ जाऊन मोजावा. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याला बोटाने स्पर्श केल्यासही बहुधा हेच साधते. कोणाचा वर्ण उजळ करून दाखवणे हा यामागचा हेतू नाही. तो जसा आहे तसा, तपशिलासह दिसावा, एवढीच अपेक्षा आहे.

४. चेहऱ्यामागचे माणूस

अमेरिकेतील मंदीच्या काळात, १९३६ साली, डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातील निपोमो येथे शेतमजुरांच्या तळावर एका मातेची छायाचित्रे काढली. तंबूच्या आडोशाला बसलेली ती चिंताग्रस्त स्त्री ‘मायग्रंट मदर’ या नावाने जगभर पोहोचली. छायाचित्रे वृत्तपत्रात प्रसिद्ध झाल्यावर त्या तळावर अन्नाची मदत गेली. तोपर्यंत हे कुटुंब मात्र पुढच्या मुक्कामाला निघून गेले होते. आपण तिचे नाव विचारले नव्हते, असे लँग यांनी पुढे नमूद केले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव लोकांना कळले ते १९७८ साली. त्या प्रसिद्धीचा आपल्याला काहीच लाभ झाला नाही, ही खंत तिने तेव्हा बोलून दाखवली.

एका छायाचित्राने अनेकांची भूक जगापुढे मांडली, हे खरे. आणि जिचा चेहरा त्यासाठी वापरला गेला ती बेचाळीस वर्षे निनावी राहिली, हेही तितकेच खरे. म्हणून कॅमेरा उचलण्यापूर्वी परवानगी घ्यावी, नाव विचारावे, दोन शब्द बोलावेत. छायाचित्र कोठे वापरले जाणार हे सांगावे आणि शक्य असल्यास त्याची एक प्रत त्या व्यक्तीला द्यावी. बोलण्यात रमलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा ताण आपोआप सैल होतो. सौजन्य येथे कलेच्याही उपयोगी पडते.

शब्दार्थ

निवर्तणे – मरण पावणे
कवडसा – फटीतून पडणारा उजेडाचा ठिपका
आडाखा – अनुभवावर आधारलेला अंदाज
खंत – मनाला लागून राहिलेले दुःख

स्वाध्याय

१. भर दुपारी चेहऱ्याचे छायाचित्र काढताना कोणती अडचण येते? तिच्यावर दोन उपाय लिहा.
२. मोकळ्या सावलीत छिद्र एफ ४ व वेळ १/२०० आहे. छिद्र पुन्हा एफ ५.६ केल्यास वेळ किती ठेवावा लागेल? कारण द्या.
३. ‘हा दोष चेहऱ्याचा नव्हे, मोजमापाचा आहे.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
४. उपक्रम : घरातील ज्येष्ठ व्यक्तीची परवानगी घेऊन सकाळी, दुपारी व सायंकाळी एकाच जागी तीन छायाचित्रे काढा. त्यांतील कोणते छायाचित्र घरात लावावे, हे त्या व्यक्तीलाच ठरवू द्या. तिने सांगितलेली कारणे आठ ते दहा ओळींत लिहा.