सहाव्या वर्षाची दाढ

मनुष्याला दात दोनदा येतात. प्रथम येतात ते 20 दुधाचे दात. ते यथाकाल पडतात आणि त्यांच्या जागी नवे उगवतात. परंतु वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या शेवटच्या दाढांच्याही मागे, चार नव्या दाढा कोणाच्या नकळत वर येतात. त्यांना वाट देण्यासाठी कोणताही दात पडत नाही. त्यामुळे घरच्या माणसांना त्याही दुधाच्याच वाटतात. वस्तुतः त्या कायमच्या असतात. एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत.

दातावरील कवचास दंतवल्क म्हणतात. शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते. दंतवल्काला मात्र ही विद्या अवगत नाही. तोंडातील जंतू साखरेवर जगतात व तिचे आम्ल बनवितात. त्या आम्लाने दंतवल्क झिजू लागते. आरंभी पांढुरका डाग दिसतो, मग काळी रेघ, आणि शेवटी खळगा पडतो. खळगा आतील मज्जेपर्यंत पोहोचला म्हणजे दाढ ठणकू लागते. तोपर्यंत ती फारशी दुखत नाही, हीच या रोगाची लबाडी होय. वेळीच दंतवैद्याकडे गेल्यास तो खळगा स्वच्छ करून भरतो आणि दाढ वाचते. उशीर झाला तर पुष्कळदा ती उपटावीच लागते.

कीड कोणाच्याही दाढेला लागते. परंतु वेळीच वैद्याकडे पोहोचणे सर्वांच्या वाट्याला येत नाही.

बीड हा अवर्षणाचा जिल्हा. दसरा-दिवाळी सरली की येथील लक्षावधी माणसे ऊसतोडणीसाठी कोल्हापूर, सांगली, सातारा, तसेच कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणतात. भूमिहीन व अल्पभूधारक अशी ही कुटुंबे असून त्यांत वंजारी, बंजारा आणि दलित समाजांतील लोक मोठ्या संख्येने आहेत. मुले बरोबर असतात. फडाजवळच्या कोपीत पहाट होण्यापूर्वीच चूल पेटते. मुलांना गोड चहा व बिस्किटे मिळतात आणि आईबाप उसात शिरतात. मुलाची दाढ दुखू लागली तर त्याला दवाखान्यात नेण्यास एक दिवस मोडतो. त्याला ‘खाडा’ म्हणतात, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हंगामापूर्वी घेतलेली उचल तर फेडायचीच असते. मग दाढेत लवंग धरतात, किंवा ठणका थांबेल या समजुतीने मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी केली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत कायदा कसा पोहोचणार! ठणका काही दिवसांनी जातो, सवय मात्र राहते.

ज्यांच्या कोयत्यावाचून महाराष्ट्राच्या घराघरांत साखर पोहोचत नाही, त्यांच्याच मुलांच्या दाढा अशा किडत राहाव्यात, हे विलक्षणच म्हटले पाहिजे.

अशी विषमता केवळ गरीब देशांतच असते असे नाही. अमेरिकेत न भरलेल्या किडक्या दाढा गोऱ्या मुलांपेक्षा काळ्या मुलांत अधिक आढळतात. तेथील मेरिलँड राज्यात 2007 साली एक 12 वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा किडलेल्या दातामुळे मरण पावला. दातातील पू मेंदूपर्यंत गेला होता. मेंदूवर दोनदा शस्त्रक्रिया झाली, अनेक आठवडे रुग्णालयात उपचार झाले. पण तो वाचला नाही. तो दात वेळीच काढावयास सुमारे 80 डॉलर पुरले असते. गरिबांसाठी सरकारी विमा होता खरा. परंतु तो स्वीकारणारे दंतवैद्यच थोडे होते.

भारतात 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचा आरंभ महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. या कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा सरकारी शाळेत येते, मुलांची प्रकृती तपासते, दातही पाहते आणि गरज असेल त्यांना रुग्णालयाची चिठ्ठी देते. योजना उत्तम आहे. परंतु पथक डिसेंबरात आले तर? हजेरीपटावर नाव असते. मूल मात्र शेकडो कोस दूर उसाच्या फडात असते. उन्हाळ्याच्या तोंडी ते गावी परतते, तेव्हा तपासणी होऊन गेलेली असते.

यावर बीड जिल्ह्यात एक उपाय योजला गेला. आईबाप तोडणीला गेले तरी मुलांनी गावीच राहून शिकावे, म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली. 2021 मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. 41 तालुक्यांत मिळून 82 वसतिगृहे, असा तिचा आराखडा होता. ही वसतिगृहे मुख्यतः शिक्षणासाठी आहेत; दातांचा विचार त्यांत कोणी प्रथम केला असेल असे नाही. परंतु गावी राहिलेले मूल डिसेंबरातही शाळेत असते. पथक आले म्हणजे तेही इतरांबरोबर रांगेत उभे राहते, पाळी आली की तोंड उघडते, आणि मागल्या दाढेवरची काळी रेघ वैद्याच्या दृष्टीस पडते.