कमिटीवर गेलीस ना, मग ऐक

पास्टरेट कमिटीवर निवडून आलीस, बरं झालं. देवळाचं रंगकाम, माइकची दुरुस्ती, नाताळचा हिशेब हे शिकवायला चारजण आपणहून पुढे येतील. माणसं कशी सांभाळायची ते मात्र कुणी सांगणार नाही, कारण ते पाळकसाहेबांचं काम, असा आपला सोयीचा समज आहे. नगरला १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. त्या मिशनच्या काळात बायबलबाया घरोघर जायच्या, बायकांशी बोलायच्या, आजाऱ्यापाशी बसायच्या. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि आपण त्यात आलो. पाळकांच्या बदल्या होत राहतात, बायबलबाई हे पद तर नावापुरतंही उरलं नाही. काम मात्र तेवढंच आहे आणि ते आता तुझ्या अंगावर आलंय. म्हणून हे चार शब्द.

रिकामी जागा बघ

रविवारी पुढच्या बाकावर बसू नकोस, मागे बस. आपल्याकडे प्रत्येकाची जागा ठरलेली असते. कुणाची खांबाजवळ, कुणाची पंख्याखाली. ‘उपासना संगीत’ उघडण्याआधी एकदा नजर फिरव. एक रविवार चुकला तर माणूस गावाला गेला असेल. दुसराही चुकला, तर मंगळवारच्या आत फोन गेला पाहिजे. फोनवर “देवळात दिसला नाहीत?” असं विचारायचं नाही, ती हजेरी झाली. “सलाम काका, तब्येत कशी आहे?” एवढं पुरतं. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, असं याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय. पण आपली माणसं बोलवत नाहीत. वाट बघतात, आणि कुणी आलं नाही की रुसतात.

एक शंभरपानी वही कर, एका घराला एक पान. ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला किंवा आखातात आहेत, अशा म्हाताऱ्यांच्या पानावर तीन गोष्टी हव्यात: मुलाचा नंबर, रोजच्या गोळ्यांची नावं आणि घराची दुसरी किल्ली कुणाकडे असते ते. वहीत कुणाचं भांडण, कर्ज, दारू यांतलं काही लिहायचं नाही. वही कुठेही राहू शकते.

दवाखान्यात थोडं बस

भेटीला गेलीस तर दहा-पंधरा मिनिटांत ऊठ. कॉटवर बसू नकोस, आजार काय ते खोदून विचारू नकोस, आणि “आमच्या चुलत्यालाही हेच झालं होतं” ही गोष्ट तर अजिबात काढू नकोस. “प्रार्थना करू का?” असं आधी विचार. हो म्हटलं तर हळू आवाजात, दोन-चार वाक्यांत आटप. शेजारच्या कॉटवरही कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला असतो, त्याच्या कानावर आपली प्रार्थना आदळता कामा नये. “देव नक्की बरं करील” असं वचन देऊ नकोस. ते देण्याचा अधिकार आपला नाही.

मग रोग्याकडून वळून त्याच्या उशाशी बसलेल्या बाईकडे बघ. तीन दिवस तीच साडी, हातात औषधाची चिठ्ठी, मोबाइलची बॅटरी संपलेली. तिला म्हण, “वहिनी, मी दोन तास इथे आहे. तुम्ही घरी जाऊन अंघोळ करा, जेवा, जरा पडा.” माझ्या मते दवाखान्यात आपल्या हातून होणारी सगळ्यात मोठी सेवा ही.

मातीनंतर पुन्हा जा

मातीच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नसते. पाच घरांतून पाच पातेली वरण-भात येतो आणि आठवड्याने चहा करायलाही कुणी नसतं. डब्यांची पाळी महिला संघाकडून आधीच लावून घे: सोमवारी कोण, मंगळवारी कोण. तू स्वतः पंधरा दिवसांनी जा, मग महिन्याने, आणि पहिल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी न चुकता जा. बोलायला सुचलं नाही तरी चालेल. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला मात्र बिचकू नकोस. घरच्यांना तेच ऐकायचं असतं.

कागदपत्रांचंही बघ. घरी मृत्यू झाला असेल तर त्याची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. उशीर झाला की शुल्क आणि हेलपाटे. पेन्शन, बँकेतलं नॉमिनेशन, रेशनकार्ड यांसाठी तरुण संघातला एखादा कामाचा पोरगा सोबत दे. विधवा बाईला कचेरीच्या रांगेत एकटीला उभं राहावं लागू नये.

पैसा द्यावा, गाजावाजा करू नये

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढून वाच. रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर पहिल्याच मंडळीत झाली, आणि त्यासाठी सात माणसं नेमावी लागली. म्हणजे गरीब फंडाचा वाद आपण शोधून काढलेला नाही. त्यातून धडा एवढाच घ्यायचा: देणारे हात ठरलेले असावेत आणि हिशेब चोख असावा. पण कुणाला दिलं ते पाळक, खजिनदार आणि तू, यापलीकडे जाऊ नये. शक्य तिथे फी थेट शाळेत भर, औषधाचं बिल थेट दुकानात दे. उसने म्हणून देऊ नकोस. परत करायची सोय नसलेला माणूस आधी रस्ता बदलतो, मग देऊळ. आणि मदत घेतलेल्याला पुढे उभं करून साक्ष द्यायला लावणं हा शुद्ध अपमान आहे.

“प्रार्थनेसाठी म्हणून सांगते”

या तीन शब्दांपासून सावध राहा. आपल्या मंडळ्यांतल्या निम्म्या चुगल्या प्रार्थनेचा विषय होऊनच गावभर फिरतात. कुणी मन मोकळं केलं तर उठण्याआधी विचार, “हे पाळकसाहेबांना सांगू का? सभेत नाव घेऊ का?” नाही म्हटलं की विषय तिथेच मिटला.

याला एकच अपवाद, आणि तो पक्का लक्षात ठेव. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोटात ठेवायचं नाही. २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार तो कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ आणि बायकांसाठी १८१ हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिही. मार खाऊन आलेल्या बाईला “सहन कर, क्षमा कर” म्हणत लगेच समेटाला बसवू नकोस. आधी ती सुरक्षित आहे का ते बघ, समेटाचं नंतर.

घेणाऱ्यालाही देऊ दे

ज्याला आपण नेहमी मदत करतो तो हळूहळू मान खाली घालून बसायला लागतो. त्याच्याकडे काहीतरी माग. फंडातून फी घेणाऱ्या आईला नाताळच्या करंज्यांना बोलव, कारण तिच्या हातची पारी कुणाला जमत नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांकडे परीक्षेला बसणाऱ्या मुलांची यादी दे आणि रोज प्रार्थना करायला सांग. काम खोटं नसावं, एवढं बघ.

पाळकांच्या घरी कोण जातं?

सगळ्यांच्या मातीला, सगळ्यांच्या दवाखान्यात पाळक जातात. त्यांच्या पोराची शाळा बदलीपायी सुटली तेव्हा विचारायला कोण गेलं होतं? आठवड्यातला एक दिवस त्यांच्या घरी फोन जाणार नाही, असा ठराव पहिल्याच मीटिंगमध्ये मांड. पाळकीणबाई मंडळीच्या नोकर नाहीत, हेही मिनिट्समध्ये येऊ दे.

हे सगळं एकटीने करायला जाशील तर वर्षभरात थकशील आणि चिडशील. दर दहा घरांमागे एक विश्वासू माणूस गाठ, त्याला त्या घरांची पानं काढून दे आणि महिन्यातून एकदा सगळ्यांना चहाला बोलव. आणि हे वाचताना ज्या कुणाचं नाव मनात आलं असेल, त्याला आज संध्याकाळीच फोन कर.