मुक्त माता आणि तिचे मूल

माता आणि बालक हा शिल्पकलेतील अतिप्राचीन विषय होय. युरोपातील नवअभिजात शैलीच्या शिल्पकारांनी तो ग्रीक-रोमन आदर्शांप्रमाणे हाताळला. त्यांच्या माता बहुधा देवता किंवा धर्मकथांतील स्त्रिया असत. इ. स. १८६६ मध्ये रोम येथे याच शैलीत घडलेल्या एका शिल्पातील माता मात्र गुलामगिरीतून नुकतीच सुटलेली कृष्णवर्णीय स्त्री होती. त्याची शिल्पकार एडमोनिया लुईस हिचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

एडमोनियाचा जन्म अमेरिकेत १८४४ च्या सुमारास झाला. पिता कृष्णवर्णीय, माता ओजिब्वे या मूलनिवासी समाजाच्या वंशातील. ती बालपणीच पोरकी झाली. ओबरलिन येथे शिकत असता तिच्यावर सहाध्यायिनींना विष दिल्याचा आरोप आला. जमावाने तिला मारहाण केली. न्यायालयात ती निर्दोष ठरली. पुढे बोस्टनमध्ये तिने कृष्णवर्णीय पलटणीचे नेतृत्व करताना धारातीर्थी पडलेल्या कर्नल रॉबर्ट शॉ यांचा अर्धपुतळा घडविला. त्याच्या प्लास्टरच्या प्रती विकून तिने रोमच्या प्रवासाचा खर्च उभा केला.

त्या काळी मूर्ती प्रथम मातीत घडवीत, तिच्या साच्यात प्लास्टर ओतीत आणि त्या प्लास्टरवरून मापे घेऊन संगमरवर कोरीत. कोरण्याचे काम बहुतेक शिल्पकार पगारी कारागिरांकडे सोपवीत. आपल्या कर्तृत्वाविषयी कोणी शंका घेऊ नये, म्हणून एडमोनिया ते पुष्कळसे स्वतः करी.

तिचे हे माता-बालकाचे शिल्प आज उपलब्ध नाही. समकालीन वर्णनावरून ते आपणांस कळते. मुक्तीची वार्ता ऐकून माता गुडघ्यांवर बसली आहे. हात जोडलेले, दृष्टी वर. डोक्याला कामाच्या वेळचे फडके. मनगटांवर तुटक्या बेड्या, भुईवर साखळी आणि लोखंडी गोळा. लहान मुलगा तिच्या कमरेला बिलगला आहे. आई एवढी का गहिवरली, हे त्याला कळलेले नाही.

१८६७ चे तिचे ‘फॉरएव्हर फ्री’ हे संगमरवरी शिल्प वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आहे. त्यात पुरुष उभा आहे, स्त्री गुडघ्यांवर आहे, मूल नाही. आम्हांस मात्र त्या हरवलेल्या शिल्पातील मूलच अधिक महत्त्वाचे वाटते. मातेच्या बेड्या कायद्याने तुटल्या. पण त्या बेड्या काय होत्या, हे मुलाला कोणीतरी सांगावयास हवे होते. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, तो आपल्याकडील बेड्यांची ओळख पटविण्यासाठीच.

आपल्या वसतिगृहात आज येणाऱ्या मुलांपैकी अनेकांनी आजोबा-आजींच्या बेड्या पाहिलेल्या नाहीत. ही आनंदाचीच गोष्ट आहे. तथापि त्यांचा इतिहास मुलांना सांगणे हे आम्हा शिक्षकांचे आणि पालकांचे कर्तव्य आहे. माजी विद्यार्थ्यांनीही आपल्या घरी ते पार पाडावे, एवढीच अपेक्षा.