इंग्रजीतील ‘आठवणे’ आणि ‘विसरणे’

महाराष्ट्रातील मराठी शाळांत सन २००० पासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ होतो. तथापि इंग्रजीच्या तासाला प्रश्न विचारताच पुष्कळ मुले गप्प उभी राहतात. ‘विसरलो’ एवढे सांगण्यापुरतेही इंग्रजी वाक्य त्यांच्यापाशी नसते आणि त्यांचे मौन शिक्षकांस अज्ञान वाटते. यास्तव पुढील वाक्ये आरंभीच शिकवावीत.

१. कर्ता : मराठीत ‘मला आठवते’, पण ‘मी विसरलो’ असे म्हणतात. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘आय’ हाच कर्ता येतो : ‘आय रिमेंबर’, ‘आय फरगॉट’. हा भेद फळ्यावर समोरासमोर लिहून दाखवावा.

२. आठवणे व आठवण देणे : स्वतःस आठवणे म्हणजे ‘रिमेंबर’, दुसऱ्यास आठवण करून देणे म्हणजे ‘रिमाइंड’. म्हणून ‘प्लीज रिमाइंड मी’ असे म्हणावे. परगावी गेलेल्या भावास ‘तुझी फार आठवण येते’ असे कळवावयाचे असता मात्र ‘आय मिस यू’ हेच योग्य होय.

३. घडलेले व करावयाचे : मुक्ताईची पालखी आषाढी वारीसाठी पंढरपुरास जाते. ती पाहिल्याचे आठवते, हे ‘आय रिमेंबर सीइंग द पालखी’ असे सांगावे. पुढे करावयाच्या कामास ‘टू’ लागतो : ‘रिमेंबर टू ब्रिंग युअर स्लेट’, म्हणजे पाटी आणण्यास विसरू नकोस.

४. राहिलेली वस्तू : ‘आय फरगॉट माय बुक’ हे शुद्ध आहे. परंतु पुस्तक कोठे राहिले तेही सांगावयाचे असल्यास ‘आय लेफ्ट माय बुक ॲट होम’ असे म्हणावे. मराठीतील ‘घरी विसरलो’ याचे शब्दशः भाषांतर करू नये.

५. नित्याचे वाक्प्रचार : ‘लर्न बाय हार्ट’ म्हणजे तोंडपाठ करणे. ‘इट स्लिप्ड माय माइंड’ म्हणजे ध्यानातून निसटले. मराठी माणसाच्या जो शब्द ‘अगदी ओठांवर’ असतो, तो इंग्रजाच्या जिभेच्या टोकावर असतो : ‘इट इज ऑन द टिप ऑफ माय टंग’.

तोंडी सराव : मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने विचारावे, ‘डू यू रिमेंबर द ओल्ड नेम ऑफ मुक्ताईनगर?’ दुसऱ्याने उत्तर द्यावे, ‘यस, आय रिमेंबर. इट वॉज एदलाबाद.’ न आठवल्यास म्हणावे, ‘सॉरी, आय हॅव फरगॉटन. प्लीज टेल मी.’ अन्य गावच्या शिक्षकांनी आपल्या गावची नदी, बाजाराचा वार, यात्रा यांवर प्रश्न योजावेत.

दोन्ही उत्तरे सारख्याच समाधानाने स्वीकारावीत. दुसरे उत्तर देणारे मूल गावाचे जुने नाव विसरले असेल. परंतु ते गप्प राहिले नाही, इंग्रजीत बोलले. त्या तासापुरता पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.